ठाण्याची गाडी घाटावर चढविणारा अभियंता

कल्याण स्थानक सोडल्यावर लोहमार्ग थोड्याच अंतरात दुभंगतो. एक फाटा कसाऱ्याकडे वळतो, दुसरा कर्जतकडे. डोंबिवलीच्या फलाटावर रोज सकाळी उभ्या राहणाऱ्या चाकरमान्याला कसारा आणि कर्जत ही दोन नावे घड्याळाच्या काट्यांइतकी परिचयाची असतात. परंतु हा दुवाटा कल्याणलाच का पडला आणि तो कोणी पाडला, हे सांगणारा क्वचितच भेटतो. रेल्वेच्या इतिहासात ज्याचे नाव अग्रभागी आहे, तो जेम्स जॉन बर्कली या शहरांच्या स्मरणातून मात्र जवळजवळ पुसला गेला आहे. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे, म्हणजेच आपल्या वाडवडिलांच्या तोंडी असलेली जीआयपी, या कंपनीचा तो पहिला मुख्य निवासी अभियंता. बोरीबंदर ते ठाणे, ठाणे ते कल्याण आणि कल्याणहून बोरघाट व थळघाट असा सह्याद्री चढणारा मार्ग त्याच्या देखरेखीखाली आखला गेला.

आज याच मार्गावरील उपनगरी गाड्या माणूस आणि संगणक मिळून चालवितात. मोटरमनच्या पुढ्यातील सिग्नल, रुळांतून धावणाऱ्या विद्युतप्रवाहावरून गाडीचा ठाव घेणारी मंडले, नियंत्रण कक्षातील पडद्यावर सरकणाऱ्या रेषा आणि त्या पाहून निर्णय घेणारा नियंत्रक यांची ती एक गुंतागुंतीची वीण आहे. मोटरमनने धोक्याची सूचना मिळूनही ठरावीक सेकंदांत बटण दाबले नाही, तर ऑक्झिलरी वॉर्निंग सिस्टिम स्वतःहून ब्रेक लावते. यंत्राने किती करावे, माणसावर किती सोडावे आणि दोघांपैकी एक चुकला तर दुसऱ्याने त्याला कसे सावरावे, हा आता अभियांत्रिकीचा एक स्वतंत्र अभ्यासविषय झाला आहे. दुसऱ्या महायुद्धात वैमानिकांच्या चुकांचा अभ्यास सुरू झाला तेव्हा त्याला शास्त्राचे रूप आले, असे मानले जाते. बर्कलीच्या काळी संगणक नव्हता. वीज होती ती केवळ तारायंत्रापुरती. तरीही हाच प्रश्न सह्याद्रीच्या कड्यावर त्याच्यासमोर उभा राहिला होता.

बर्कलीचा जन्म २१ ऑक्टोबर १८१९ रोजी लंडनच्या हॉलोवे भागात झाला. शिक्षण तेथील किंग्ज कॉलेजमध्ये. १८३६ मध्ये त्याने एका अभियंत्याकडे उमेदवारी धरली आणि तीन वर्षांनी रॉबर्ट स्टीफन्सन यांच्या कार्यालयात त्याचा प्रवेश झाला. रॉबर्ट हे वाफेच्या इंजिनामुळे जगप्रसिद्ध झालेल्या जॉर्ज स्टीफन्सन यांचे चिरंजीव आणि स्वतःही त्या पिढीतले अव्वल दर्जाचे अभियंते. त्यांच्या हाताखाली बर्कलीने इंग्लंडमधील चर्नेट व्हॅली आणि ट्रेंट व्हॅली या मार्गांवर काम केले. १८४९ मध्ये जीआयपी कंपनीला हिंदुस्थानात पाठविण्यासाठी अभियंता हवा होता. कंपनीचे सल्लागार स्टीफन्सनच होते आणि त्यांनी बर्कलीची शिफारस केली. १८५० च्या प्रारंभी तो मुंबईत उतरला तेव्हा वयाची एकतिशीही पूर्ण झालेली नव्हती.

मुंबईत रेल्वेचा विचार त्याच्या येण्यापूर्वीच रुजला होता. १८४३ मध्ये सरकारी अभियंता जॉर्ज क्लार्क भांडुपला गेले असता त्यांच्या मनात मुंबई, कुर्ला, ठाणे, कल्याण आणि पुढे घाट असा मार्ग आला, असे रेल्वेच्या इतिहासात नोंदलेले आहे. नाना शंकरशेट आणि सर जमशेटजी जीजीभाई यांच्यासारख्या मुंबईकर धुरिणांनी या कल्पनेला बळ दिले. तथापि कंपनीशी झालेला मूळ करार केवळ प्रयोगाचा होता. सुमारे पस्तीस मैलांचा, कल्याणच्या आसपास संपणारा मार्ग बांधायचा आणि त्यासाठी पाच लाख पौंडांचे भांडवल. हिंदुस्थानात रेल्वे चालू शकते की नाही, हे त्यावरून ठरायचे होते. मुसळधार पाऊस, वाळवी, दलदल, उन्हाळा आणि लोक गाडीत बसतील का ही शंका, असे सारे आक्षेप तेव्हा लंडनमध्ये गंभीरपणे मांडले जात होते.

३१ ऑक्टोबर १८५० रोजी शीवजवळ पहिली कुदळ पडली. फॅव्हिएल आणि फाउलर हे इंग्लिश कंत्राटदार कामाला लागले. पुढचा प्रसंग शालेय पाठ्यपुस्तकातही वाचलेला असल्याने त्यावर रेंगाळण्याचे कारण नाही. १६ एप्रिल १८५३ रोजी दुपारी साडेतीनच्या सुमारास साहिब, सिंध आणि सुलतान या तीन इंजिनांनी चौदा डबे आणि सुमारे चारशे निमंत्रित ठाण्याला आणले. अंतर एकवीस मैल.

बर्कलीच्या दृष्टीने खरे काम ठाण्यापुढे सुरू झाले. ठाण्याची खाडी ओलांडायची, मग पारसिकच्या डोंगराची कड धरून मुंब्र्याच्या अंगाने कल्याण गाठायचे. खाडीवर कमानींचे दोन पूल उभे राहिले आणि डोंगराच्या नाकाडात दोन छोटे बोगदे खोदले गेले. दोन्ही बोगदे शंभर यार्डांहून थोडेच अधिक लांबीचे, पण हिंदुस्थानातील रेल्वे बोगद्यांची सुरुवात तेथून झाली. १ मे १८५४ रोजी गाडी कल्याणला पोहोचली. डोंगर थेट फोडून जाणारा पारसिकचा लांब बोगदा त्यानंतर सहा दशकांनी, १९१६ मध्ये आला. मुंब्र्याचे वळण मात्र बर्कलीच्या काळापासूनचे. डोंगर आणि खाडी यांच्यामधून वाट काढायची तर वळण घ्यावेच लागणार होते, आणि दिवसाला मोजक्या गाड्या धावणाऱ्या मार्गावर त्यात गैर काहीच नव्हते. ९ जून २०२५ च्या सकाळी मुंब्र्याजवळ वळणावर शेजारून जाणाऱ्या दोन खचाखच भरलेल्या लोकलच्या दारांत लोंबकळणारे प्रवासी खाली पडले आणि त्यांतील काही प्राणास मुकले. त्याचा दोष १८५४ च्या अभियंत्याकडे जात नाही. पण गाडी, रूळ आणि सिग्नल यांची आखणी करताना दारात लटकणारा माणूसही त्या यंत्रणेचा भाग आहे, हे इतकी वर्षे कोणी धरले नव्हते, याची नोंद येथे करायला हवी.

कल्याणपासून पुढे कोणत्या वाटेने जायचे, हा बर्कलीच्या आयुष्यातला सर्वांत मोठा निर्णय. कंपनीच्या मूळ कल्पनेत मार्ग मुरबाडवरून माळशेज घाटाकडे जाणार होता. बर्कलीने सह्याद्रीची कड पायाखाली घालून पाहिली आणि माळशेजचा नाद सोडला. त्याऐवजी कल्याणला फाटा फोडून ईशान्येला थळघाट आणि आग्नेयेला बोरघाट अशा दोन वाटा त्याने निवडल्या. एक वऱ्हाड-खानदेशच्या कापसाकडे आणि पुढे उत्तरेकडे, दुसरी पुणे-सोलापूरकडे आणि दक्षिणेकडे. मुरबाडकर रेल्वेची वाट किती पिढ्या पाहत राहिले, हे ठाणे जिल्ह्यात कोणालाही विचारावे. कल्याण जंक्शन झाले, ते या निर्णयाने.

बोरघाटाची पाहणी १८५२ पासून सुरू झाली आणि ती वर्षानुवर्षे चालली. पायथ्याच्या पळसदरीपासून लोणावळ्यापर्यंत सोळा मैलांहून किंचित कमी अंतरात १८३१ फूट चढायचे होते. कड्यांचे उतार इतके उभे, की मोजणीसाठी माणसे दोरांनी खाली सोडावी लागत. घाटाची वाट साहेबाला एका धनगराने दाखविली आणि बक्षीस म्हणून त्याने देशाचे स्वातंत्र्य मागताच त्याला गोळी घातली गेली, अशी शिंग्रोबाची कथा या परिसरात आजही सांगतात. जुन्या मुंबई-पुणे रस्त्यावर बोरघाटात त्याचे देऊळ आहे आणि वाहनचालक तेथे थांबून नाणे टाकतात. कागदोपत्री या कथेला आधार नाही. परंतु ज्या डोंगरात परक्या अभियंत्याला पाऊलवाटाही ठाऊक नव्हत्या, तेथे स्थानिक माणसाच्या ज्ञानावाचून मोजणी झाली असेल, असे मानणेही कठीण आहे.

त्या काळी फार उभ्या चढावर गाडी ओढण्यासाठी माथ्यावर स्थिर इंजिन बसवून दोराने डबे वर खेचण्याची पद्धत होती. दोर तुटला तर गाडी थेट खाली. बर्कलीने इंजिनच स्वतःच्या ताकदीने चढेल असा मार्ग पसंत केला. त्यासाठी चढ सौम्य हवा आणि सौम्य चढासाठी लांबी हवी. डोंगरात लांबी मिळणार कोठून? येथे त्याने जी युक्ती योजली ती रिव्हर्सिंग स्टेशनची. गाडी चढत चढत खंडाळ्याखालच्या एका सोंडेवर यायची, तेथे मार्ग संपायचा. इंजिन सुटून मागच्या बाजूला लागायचे आणि गाडी उलट दिशेने, दुसऱ्या मार्गाने, वरचा टप्पा चढू लागायची. इंग्रजी व्ही अक्षर आडवे टाकावे तसा हा आकार. तरीही सर्वांत कठीण चढ सदतीसास एक इतका राहिला. संपूर्ण घाटात पंचवीस बोगदे आणि आठ मोठे कमानी पूल लागले. थळघाटातही अशाच रिव्हर्सिंग स्टेशनची योजना झाली. तेथे अंतर नऊ मैलांहून थोडे अधिक, चढ ९७२ फूट आणि बोगदे तेरा.

ही युक्ती नकाशावर सुबक दिसते, पण ती चालवायची माणसांनी. चढताना प्रश्न ताकदीचा असतो, उतरताना विवेकाचा. त्या वेळी सर्व डब्यांना एकाच वेळी लागणारा ब्रेक नव्हता. इंजिनाचा ब्रेक वेगळा आणि डब्यांच्या मध्ये ठिकठिकाणी बसलेले ब्रेकवाले वेगळे. चालकाने शिट्टी द्यायची, ती ऐकून त्यांनी हाताने चाक फिरवून ब्रेक आवळायचा. रुळांचे सांधे बदलणारा सांधेवाला खाली उभा, हातात दिवसा बावटा आणि रात्री कंदील. सांधा आणि सिग्नल यांना यंत्राने एकमेकांशी जखडून टाकण्याची, म्हणजे इंटरलॉकिंगची, पहिली एकस्वे इंग्लंडमध्ये जॉन सॅक्सबी यांनी १८५६ मध्ये नुकतीच घेतली होती. येथे घाटात ती साखळी माणसाच्या कानांची, डोळ्यांची आणि मनगटांची होती. बर्कलीने २१ डिसेंबर १८५७ रोजी मुंबईच्या मेकॅनिक्स इन्स्टिट्यूशनमध्ये बोरघाटावर निबंध वाचला आणि १८६० मध्ये त्याचा हिंदुस्थानी रेल्वेवरील विस्तृत निबंध लंडनच्या सिव्हिल इंजिनिअरांच्या संस्थेपुढे आला. चढ किती, वळण किती, याबरोबरच गाड्या प्रत्यक्ष कशा चालतील याची चिंता त्याच्या आखणीत सर्वत्र दिसते.

मात्र रूळ टाकणाऱ्या माणसांची चिंता तिच्यात तितकी दिसत नाही. बोरघाटाचे कंत्राट फॅव्हिएल यांना मिळाले आणि २४ जानेवारी १८५६ रोजी काम सुरू झाले. कातळ काळा बसाल्टचा. छिन्नी-हातोड्याने भोके पाडायची, त्यात दारू ठासायची, वात पेटवून पळायचे. पावसाळ्यात बरेचसे काम बंद. कोरड्या ऋतूत देशावरून आणि कोकणातून हजारो कुटुंबे घाटात उतरत, झापांच्या झोपड्यांत राहत. पैसा कंपनीकडून कंत्राटदाराकडे, त्याच्याकडून पोटकंत्राटदारांकडे, तेथून मुकादमाकडे आणि शेवटी मजुराकडे अशा उतरंडीने यायचा, आणि प्रत्येक पायरीवर तो अडकायचा. जानेवारी १८५९ मध्ये थकलेल्या मजुरीसाठी मजुरांचा क्षोभ उसळला आणि घाटात दंगल झाली. चौकशीत मजुरांची तक्रार निराधार नव्हती, हेच दिसून आले. त्याच वर्षी मार्चमध्ये फॅव्हिएल यांनी काम सोडले.

नवे कंत्राट सॉलोमन ट्रेडवेल यांना मिळाले. ते हिंदुस्थानात आले आणि काही आठवड्यांतच आजारी पडून वारले. यानंतर जे घडले ते त्या काळाच्या मानाने अचंब्याचे आहे. त्यांची विधवा पत्नी अ‍ॅलिस ट्रेडवेल यांनी कंत्राट सोडले नाही. अ‍ॅडमसन आणि क्लाउझर या दोन अभियंत्यांच्या हाती प्रत्यक्ष व्यवस्था देऊन त्यांनी ते पुरे केले. जानेवारी १८६१ मध्ये घाटात एकाच वेळी बेचाळीस हजारांवर माणसे राबत होती. पटकीच्या साथींनी त्यांतले कितीतरी गेले. ज्यांची नावे कोणत्याही वहीत उतरली नाहीत, अशा माणसांचा आकडा देण्याचे धाडस कोणी करू नये. रुळावरून जाणाऱ्या गाडीचा चालक चुकला तर काय, याचा इतका खोल विचार करणाऱ्या व्यवस्थेला मुकादम चुकला तर काय, हा प्रश्न पडला नाही. बर्कली एकटा त्याला जबाबदार नव्हता, कंत्राटाची रीत इंग्लंडहूनच आली होती. पण तो मुख्य अभियंता होता, आणि ती रीत त्याच्या डोळ्यांसमोर चालली होती. त्याच्या बाजूने एवढे म्हणता येईल, की देशी माणसाच्या कर्तबगारीवर त्याचा विश्वास होता. जमशेटजी दोराबजी या पारशी कंत्राटदाराला कंपनीच्या कामांत मानाचे स्थान मिळाले ते त्याच्याच कारकिर्दीत.

दरम्यान घाटाच्या दोन्ही बाजूंना गाड्या धावू लागल्या होत्या. १८५६ मध्ये कल्याणहून खोपोलीपर्यंत मार्ग सुरू झाला, १८५८ मध्ये खंडाळा ते पुणे. मधला घाट प्रवासी पालखीतून, तट्टावरून किंवा बैलगाडीतून पार करीत. पुण्याला निघालेल्या मुंबईकराला अशी पाच वर्षे काढावी लागली.

तो घाट पुरा झालेला पाहणे बर्कलीच्या नशिबी नव्हते. अकरा वर्षे कोकणच्या दमट हवेत आणि सह्याद्रीच्या उन्हापावसात काढल्यावर त्याची प्रकृती ढासळली. १८६१ मध्ये तो इंग्लंडला परतला आणि २५ ऑगस्ट १८६२ रोजी लंडनजवळच्या सिडनहॅम येथे त्याचे निधन झाले. वय अवघे बेचाळीस. हजार मैलांहून अधिक लांबीच्या मार्गांची आखणी त्याच्या नावावर होती. एप्रिल १८६३ मध्ये गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर यांच्या उपस्थितीत बोरघाटाचे उद्घाटन झाले. थळघाट १८६५ मध्ये खुला झाला.

त्याच्या पश्चात चार-सहा वर्षांतच घाटाने आपल्या उणिवा दाखविल्या. जुलै १८६७ मध्ये महूकीमळी येथील कमानींचा पूल कोसळला. घाईत आणि पोटकंत्राटांच्या साखळीत झालेल्या निकृष्ट दगडी बांधकामाचा प्रश्न त्यानंतर ऐरणीवर आला. मजुरांच्या पगारात जी गळती होती, तीच चुन्यातही होती, असे म्हणावे लागते. पुढे जानेवारी १८६९ मध्ये घाट उतरणारी एक टपालगाडी आवरेनाशी झाली आणि रिव्हर्सिंग स्टेशनच्या टोकाशी थांबण्याऐवजी पलीकडे जाऊन कोसळली. बर्कलीच्या आखणीत रिव्हर्सिंग स्टेशनला जागा डोंगराने दिली होती, पण थांबण्याची हमी अजून ब्रेकवाल्यांच्या मनगटावरच होती.

घाटांतल्या वाहतुकीत पुढे रुळलेली कॅच सायडिंगची पद्धत या कोड्याचे उत्तर आहे, आणि प्रस्तुत प्रतिनिधीच्या मते सगळ्या घाटात सर्वांत शहाणी वस्तू तीच. उतारावर ठरावीक ठिकाणी मुख्य मार्गाला एक फाटा काढलेला असतो आणि तो डोंगरावर चढत जाऊन संपतो. सांधा नेहमी या फाट्याकडेच लावलेला. उतरणारी गाडी तेथे आली की तिने आधी आपण ताब्यात आहोत हे वेग कमी करून किंवा थांबून सिद्ध करायचे; त्यानंतरच सांधा मुख्य मार्गाकडे फिरतो. ब्रेक निकामी झालेली गाडी थांबू शकत नाही, म्हणून सांधा फिरत नाही, आणि ती आपोआप चढावर जाऊन थबकते. सांधेवाला झोपला, तार तुटली, कंदील विझला, तरी परिणाम तोच. काहीच घडले नाही तर सर्वांत सुरक्षित तेच घडावे, अशी ही मांडणी आहे. संगणकावर चालणाऱ्या आधुनिक सिग्नल यंत्रणेतही बिघाड झाला की दिवा लाल होतो, त्यामागचे तत्त्व हेच. कल्याण-डोंबिवलीत पावसाळ्याच्या सकाळी सिग्नल बिघडून लोकल खोळंबतात तेव्हा फलाटावरचा संताप समजण्यासारखा असतो; पण ती खोळंबलेली गाडी म्हणजे यंत्रणेने माणसाच्या बाजूने घेतलेला निर्णय असतो.

बोरघाटातील रिव्हर्सिंग स्टेशन १९२९ मध्ये निकालात निघाले. कल्याण-पुणे मार्गाचे विद्युतीकरण झाले, नव्या बोगद्यांतून मार्ग वळविण्यात आला आणि उलटसुलट चढण्याची गरज संपली. चढावर लांब पल्ल्याच्या गाड्यांना मागून रेटा देण्यासाठी कर्जतला बँकर इंजिने जोडली जातात. आणि पुण्याहून मुंबईला येणारी गाडी मंकी हिलच्या परिसरात अचानक मंदावते किंवा थांबते, तेव्हा डब्यातले नवखे प्रवासी खिडकीतून डोकावून धबधबा पाहू लागतात; जुने जाणते पेपर वाचत बसून राहतात, कारण सांधा फिरला की गाडी सुटणार हे त्यांना ठाऊक असते.